लेकीची युनिसायकल : आधी तो कट्कट् आवाज, मग मामाची यादी

प्रश्न : नमस्कार. मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत. दीड वर्षापूर्वी वाढदिवसाला तिच्या मामाने ऑनलाइन मागवून २० इंची युनिसायकल (एकाच चाकाची सायकल) दिली. तेव्हा वाटलं चार दिवस खेळेल आणि मग गॅलरीत पडून राहील, पण पोरगी पार्किंगमधली भिंत धरून धरून शिकली आणि आता कॉलनीभर फिरते, जागच्या जागी मागेपुढे करत थांबते, फूटपाथवरून उडी मारते. मैत्रिणी सायकलवर भुर्रकन पुढे जातात आणि ही मागे राहते, त्याचं तिला फार वाटतं. आता तिने यादीच केलीये: २४ इंची युनिसायकल, खिळेवाले मेटलचे पेडल, छोटे क्रँक (पेडल लागतात त्या दांड्या), डिस्क ब्रेक, चांगली सीट. मामा दिवाळीला जर्मनीहून येतोय, तो विचारतोय काय आणू. आमचं बजेट वीस हजारांच्या आसपास. हिचे बाबा म्हणतात हे सर्कशीतलं खूळ आहे, एवढा खर्च कशाला. सासूबाईंना हातपाय मोडायची भीती. शिवाय हल्ली चालवताना डावीकडून कट्कट् आवाज येतो, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ग्रीस लावून दिलं, दोन दिवस बरं होतं, परत सुरू. उंची चार फूट दहा इंच. नेमकं काय घ्यावं? – एक आई, नाशिक

उत्तर : नमस्कार ताई. खूळ असतं तर ते सुरुवातीलाच उतरलं असतं, जेव्हा दोन पेडल मारले की पडायला होतं आणि अंगावर रोज एक नवीन काळानिळा डाग येतो. तो काळ तुमच्या लेकीने भिंतीच्या आधाराने एकटीने काढलाय आणि दीड वर्षानंतरही चालवतेय, म्हणजे तिला हे मनापासून हवंय. तेव्हा खर्च करावा की नाही हा प्रश्न माझ्या दृष्टीने संपला, करा. फक्त तिच्या यादीच्या क्रमाने नको, आणि यादीत नाही ती गोष्ट आधी, म्हणजे तो आवाज. तो बघून होईपर्यंत तिला चालवू देऊ नका, रडली तरी.

कारण सांगते. युनिसायकलला चेन नाही, फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) नाही, क्रँक थेट चाकाच्या मधल्या दांड्यावर म्हणजे अ‍ॅक्सलवर बसलेले असतात. साध्या सायकलवर आपण पायाने फक्त पुढे ढकलतो, इथे मात्र वेग कमी करायला, थांबायला, उलटं जायला सगळं त्याच पायांनी करावं लागतं, त्यामुळे क्रँकवर एकदा पुढून जोर येतो, एकदा मागून. जागच्या जागी मागेपुढे करत थांबणं, ज्याला आयडलिंग म्हणतात, त्यात तर हा जोर प्रत्येक सेकंदाला दिशा बदलतो. वीस इंची स्वस्त युनिसायकलींमध्ये अ‍ॅक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं असतं आणि क्रँक त्यावर नुसता घट्ट दाबून बसवलेला असतो, वरून एक नट किंवा बोल्ट. तो जरा सैल झाला की क्रँक प्रत्येक फेरीत किंचित हलतो आणि कट् असा आवाज येतो. जात्याचा खुंटा ढिला झाला की आपलं भोक आपणच मोठं करत जातो, तसंच इथे होतं. चौकोनाचे कोपरे आतून गोल झाले की मग कितीही आवळा, चार दिवसांनी पुन्हा तेच. ग्रीसने आवाज दबतो, ढिलाई जात नाही.

घरी तपासायचं असेल तर युनिसायकल उलटी करून सीटवर टेकवा, कुणालातरी चाक घट्ट धरायला सांगा, आणि डावा क्रँक हातात धरून पुढेमागे आणि बाहेरच्या बाजूला हलवून बघा, मग उजवा. दोन्हीत फरक जाणवला की चोर सापडला. क्रँक अजिबात हलत नसेल तर पेडल हलवून बघा (पेडलच्या आतलं बेअरिंग गेलं तरी असाच आवाज येतो), मग सीटपोस्टचा (सीटखालच्या नळीचा) क्लॅम्प, मग स्पोक एकेक चिमटीत धरून. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला नव्वद टक्के क्रँकच वाटतो. प्लास्टिकची गोल टोपी असेल तर काढा, आत बहुतेक १४ नंबरचा नट किंवा बोल्ट असेल, बॉक्स पाना लांब दांडीचा घ्या आणि मोठ्या माणसाने चांगला जोर लावून आवळा, लहान पान्याने हळूच नको. मग थोडं चालवलं की परत एकदा आवळायचं, कारण पहिल्यांदा बसलेला क्रँक थोडा सरकतोच. हे करूनही आठवडाभरात आवाज परत आला तर कोपरे गेले म्हणून समजा, आणि क्रँकची जोडी बदला, एकच नाही. सायकलवाल्याला सांगा की काढताना पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) वापर, हातोडीने ठोकू नको, कारण त्या ठोक्याचा सगळा मार आत बसलेल्या बेअरिंगला जातो.

हात लागलाच आहे तर अजून एक बघून घ्या, कारण डब्यातून आलेली युनिसायकल घरी जोडली की ही चूक खूप ठिकाणी होते: चाक उलटं बसलेलं असतं. एकच चाक आहे, त्याला काय डावं-उजवं असं वाटतं, पण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. डावं पेडल उजव्या बाजूला आलं तर ते चालवता चालवता आपोआप सुटत जातं आणि क्रँकचे आटे खाऊन टाकतं. पेडलच्या दांडीवर इंग्रजी एल आणि आर कोरलेलं असतं. सीटचा हँडलवाला भाग पुढे ठेवून, वर बसलेल्या मुलीच्या डाव्या पायाखाली एल यायला हवा. सीटपोस्टच्या क्लॅम्पची फट मागे. उलटं निघालं तर सीट फिरवली की काम झालं, पण आजवर सुटलेल्या पेडलने आटे गेलेत का तेही बघा.

चाक हातात धरून फिरवलं तर ते बराच वेळ आपलं आपण फिरत राहायला हवं. लगेच थांबत असेल तर बेअरिंगवरच्या कॅपचे स्क्रू कुणीतरी फार आवळलेत, ते समान सैल करा. खरखर लागत असेल तर बेअरिंग बदला. अशा चौकोनी अ‍ॅक्सलच्या बऱ्याच युनिसायकलींना ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं, आतलं भोक १७ मिमी, बाहेरून ४०, जाडी १२, आणि ते मोटर-पंपाचे पार्ट मिळतात तिथे सहज मिळतं, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा. नंबर बेअरिंगच्या कडेवर असतो, तो वाचून मगच आणा. पाऊस संपल्यावर हे बघणं नाशिकसारख्या ठिकाणी तर दरवर्षी करायलाच हवं.

आता यादी.

माझा नियम एकच आहे आणि वाढत्या वयाच्या मुलांना तो फार उपयोगी पडतो: जी वस्तू पुढच्या युनिसायकलवर काढून लावता येईल तिच्यावर पैसे घाला, जी या वीस इंचीबरोबरच संपणार तिच्यावर कमीत कमी. तुमची लेक या चाकावर अजून वर्ष-दीड वर्ष असेल, मग उंची वाढेल आणि मोठं चाक येईलच, दिवाळीला नाही तर पुढच्या दिवाळीला. सीट, पेडल, गार्ड, हेल्मेट ही सगळी तिच्याबरोबर पुढे जाणारी मंडळी. चौकोनी अ‍ॅक्सलवरचे महागडे क्रँक, वीस इंची रिम, स्वस्त फ्रेमवर जुगाड करून लावलेला ब्रेक, हे इथेच राहणार.

म्हणून पहिली खरेदी सीट. यादीत तिने ती शेवटी लिहिलीये, मी सर्वात वर घेतली असती. सायकलवर आपलं वजन हात, पाय, सीट अशा तिघांत वाटलं जातं, इथे हात मोकळे आणि पायांवर भार ठेवला तर चालवताच येत नाही, म्हणून जवळजवळ सगळं वजन सीटवर. स्वस्त युनिसायकलची सीट म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर पातळ फोम, तो वर्षभरात दबून चपटा होतो आणि खालचं प्लास्टिक लागायला लागतं. मुली याबद्दल बोलत नाहीत ताई, लाजतात, नुसतं ‘कंटाळा आला’ म्हणून उतरतात. एकदा शांतपणे विचारा की कुठे दुखतं, किती वेळानंतर दुखतं. पंधरा मिनिटांत उतरत असेल तर सीटच कारण असायची शक्यता जास्त. जाड फोमची, मध्ये खोलगट आणि पुढे पकडायला पक्कं हँडल असलेली सीट घ्या, आणि त्याच्या आधी किंवा बरोबर एक पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घ्या, लेगिंगच्या आत घालता येते, आतून जाड शिवण असलेले कपडे टाळायचे. ही शॉर्ट बजेटच्या मानाने क्षुल्लक खर्च आहे आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

सीट घेताना माप चुकतं ते दोन ठिकाणी. सीट पोस्टला खालून चार बोल्टने लागते, पण काही कंपन्यांची बोल्टची रचना वेगळी असते, म्हणून सीट आणि पोस्ट एकमेकांना बसणारे आहेत हे विचारून घ्यायचं. दुसरं म्हणजे पोस्टची जाडी: २२.२, २५.४, २७.२ मिमी अशी वेगवेगळी येते, पोस्टच्या खालच्या टोकाला बऱ्याचदा कोरलेली असते, नसेल तर व्हर्नियर कॅलिपरने मोजा, डोळ्यांनी अंदाज नको. पोस्ट फार लांब असेल आणि सीट खाली ठेवलेली असेल तर ते टोक आत टायरला घासतं. काढून बघा, टोकाला काळा रबराचा डाग दिसला तर हॅक्सॉने दोन-तीन सेंटिमीटर कापून टाका आणि कानशीने कड मऊ करा.

आणि उंची. दीड वर्षात पोरगी वाढली असेल पण सीट तिथेच असेल, हे हमखास होतं! सीटवर नीट बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. गुडघा खूप वाकत असेल तर मांड्या भरून येतात, पाय लवकर दमतात, आणि मग मोठं चाक पाहिजे असं वाटायला लागतं. सीट वर घेताना पोस्टवरची कमीत कमी आत राहण्याची खूण बाहेर येऊ देऊ नका, आली तर लांब पोस्ट घ्या.

पेडल. तिला खिळ्यांचे मेटल पेडल हवेत कारण उडी मारताना पाय सटकत असणार, आणि तिचं बरोबर आहे, गुळगुळीत प्लास्टिक पेडलवर बुटाचा तळवा टिकत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. पण मेटलचा खिळा नडगीवर एकदा बसला की कातडी सोलून जाते आणि त्याची खूण वर्षानुवर्षं राहते. मधला मार्ग चांगला आहे: नायलॉनचे रुंद पेडल मिळतात ज्यांना प्लास्टिकचेच दाते असतात, बीएमएक्सवाली (उड्या-कसरतींच्या छोट्या सायकली चालवणारी) मुलं वापरतात तसे. पकड भरपूर, मार कमी. आटे ९/१६ इंचाचे आहेत ना ते बघून घ्या, कारण छोट्या मुलांच्या काही सायकलींना अर्धा इंची येतात. हे पेडल पुढच्या युनिसायकलवरही जातील. मेटलचे पुढे कधीतरी, तेही नडगीचे गार्ड घालायची सवय लागल्यावर. फुटबॉलचे शिन गार्ड चालतात, पण पोटरीलाही मागून पेडल लागतं, म्हणून पायाला पूर्ण वेढणारे मिळाले तर ते घ्या.

टायर ही वस्तू पुढे जाणारी नाही, तरी मी घेईन, कारण त्यात फार पैसे जात नाहीत. जुना टायर बघा, मधोमध किंवा एकाच ठिकाणी जास्त झिजलेला असेल. युनिसायकलवर पायाचा जोर दर फेरीला त्याच जागी येतो, त्यामुळे टायर ठराविक ठिकाणीच झिजतो आणि मग एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं. अधूनमधून टायर रिमवर थोडा फिरवून बसवला की जास्त टिकतो. नवीन घेताना बाजूला लिहिलेला आकडा वाचा, साध्या २० इंचीला ४०६ हवा (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये). वीस इंची म्हणून दुकानदार ४५१ चा देईल तो बसणार नाही, आणि ट्रायल्स (उड्यांसाठीच्या) युनिसायकलचे जाड टायर ३८७ चे असतात तेही बसणार नाहीत. १.९५ किंवा २.१२५ इंच रुंदीचा बीएमएक्स टायर मस्त, फक्त फ्रेमच्या दोन्ही बाजूंना जागा राहते का ते आधी बघा. हवा फार कमी ठेवली तर वळताना चाक जड जातं आणि रस्त्याच्या उतारासोबत भरकटतं, फार टाइट केली तर प्रत्येक खडा जाणवतो. पोरगी हलकी आहे, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या बरंच खाली राहून पाच-पाच पीएसआय बदलून तिलाच ठरवू द्या.

छोट्या क्रँकबद्दल माझं मत तुमच्या त्या आवाजावर अवलंबून आहे. क्रँकच्या आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो, बहुतेक १२५ मिमी वगैरे असेल. छोटा क्रँक म्हणजे पाय छोट्या वर्तुळात फिरतो, म्हणून झटपट आणि डुगडुग न होता फिरवता येतं, पण तरफ लहान झाल्याने चढावर जास्त जोर लागतो आणि उतारावर थांबवणं अवघड होतं. आवळून आवाज गेला असेल तर आहे ते राहू द्या. क्रँक खराब निघाले आणि जोडी बदलायचीच असेल तर मात्र १२५ च्या जागी ११४ ची साधी चौकोनी जोडी लावा, तिची इच्छा त्याच खर्चात पुरी होते. त्याहून छोटे, ८९ वगैरे, आत्ता नकोत, कॉलनीत उतार असेल तर अजिबात नकोत.

डिस्क ब्रेक नको. हे मी ठाम सांगते. युनिसायकलवर ब्रेक हा गचकन थांबायला नसतोच, लांब उतारावर पाय आणि गुडघ्यांना विश्रांती म्हणून तो हलका दाबून धरतात. गचकन दाबला तर चाक थांबतं आणि माणूस पुढे जातो. वीस इंचीवर त्याचा काही उपयोग नाही आणि तिच्या फ्रेमला तो लावायची जागाही नसणार. टेकडीवर २६-२७ इंची जाड चाकाची घेऊन उतरायला लागेल तेव्हा बघू.

आता मुख्य गोष्ट, २४ इंची. मैत्रिणी पुढे जातात याचं उत्तर खरं तर फक्त इथेच आहे, कारण युनिसायकलला गिअर नाही, पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वीस इंची चाक एका फेरीत साधारण १.५५ मीटर जातं, चोवीस इंची १.९ मीटर. मिनिटाला १०० फेऱ्या धरल्या, ज्या मुलांना काही वेळ जमतात, तर वीस इंचीवर ताशी सव्वानऊ किलोमीटर आणि चोवीसवर साडेअकरा. म्हणजे मैत्रिणींच्या अगदी बरोबरीने नाही, पण त्या गप्पा मारत जात असतील तर सोबत राहता येईल, आणि बारा वर्षांच्या मुलीला तेवढं पुष्कळ असतं. तिने एड प्रॅट या ब्रिटिश मुलाचे व्हिडिओ बघितले असतील, जो २०१५ ते २०१८ मध्ये ३६ इंची युनिसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, आणि मोठ्या चाकाची ओढ तिथूनच लागली असेल तर ती चांगली ओढ आहे. पण ते चाक तीन फुटांचं, त्याला अजून वेळ आहे, आणि तिकडे जाणारा रस्ता चोवीसवरूनच जातो.

प्रश्न पायाच्या लांबीचा आहे, उंचीचा नाही. बूट घालून भिंतीला पाठ टेकवून उभी करा, पुठ्ठा बायंडिंगचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. चोवीस इंचीला हे माप साधारण ७० सेंटिमीटरच्या पुढे लागतं. चार फूट दहा उंचीला ते ६८ च्या आसपास भरेल, म्हणजे अगदी काठावर. पण या वयात पोरी भराभर वाढतात, म्हणून आज एकदा मोजा, मामा निघायच्या पंधरा दिवस आधी परत मोजा, ७० च्या वर गेलं तर आणायला सांगा, नाही गेलं तर हट्टाने नको, पाय पोचत नसताना मोठ्या चाकावर बसवलं तर आहे तो आत्मविश्वास पण जातो.

आणायची ठरली तर कशी? तिला उड्या आवडतात, म्हणून अ‍ॅक्सल चौकोनी नको, खाचांचा घ्या, ज्याला आयसिस म्हणतात. गोल अ‍ॅक्सलवर खाचा असतात आणि क्रँकमध्ये तशाच, त्यामुळे जोर चार कोपऱ्यांवर न येता सगळीकडे वाटला जातो. जर्मनीच्या क्यू-अ‍ॅक्स कंपनीचा स्वतःचा वेगळा क्यू-अ‍ॅक्सल पण आहे, तोही चांगला, पण एकाचे क्रँक दुसऱ्याला बसत नाहीत हे मामाला सांगून ठेवा. क्रँक १२५ चे, टायर २ इंचाच्या आसपास. यामागे अजून एक कारण आहे: आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशनच्या नियमांत ट्रॅकवरच्या शर्यतींच्या २४ इंची गटाला चाकाचा व्यास जास्तीत जास्त ६१८ मिमी आणि क्रँक कमीत कमी १२५ मिमी लागतो (वीस इंची गटाला ५१८ आणि १००). उद्या तिच्या मनात स्पर्धेचं आलं तर तीच युनिसायकल चालेल, आणि ३ इंची जाड टायरवाली डोंगरातली चोवीस घेतली तर ती या मापात बसणार नाही.

वीस हजारांत नवीन बसेल की नाही ते मामाने तिथला भाव विचारून सांगावं, पण मी त्याला आधी सेकंडहँड बघायला सांगेन. जर्मनीत युनिसायकल शाळकरी मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, खूप चालते, क्लब आहेत, युनिसायकलवरून हॉकीची लीग खेळतात, आणि मुलं वाढली की छोट्या युनिसायकली विकायला निघतात. जवळच्या क्लबला विचारलं तर लोक आनंदाने मदत करतात. बघायला गेला की मामाने तेच करायचं जे तुम्ही घरी केलं: चाक धरून क्रँक हलवणे, चाक फिरवून आउट आहे का बघणे, बेअरिंगची खरखर ऐकणे. आणण्याची काळजी नको, क्रँक काढून चाक पातळ खोक्यात घातलं तर लांबी-रुंदी-उंचीची बेरीज दीड मीटरच्या आत बसते आणि बऱ्याच विमान कंपन्यांची १५८ सेंटिमीटरची मर्यादा आहे. टायरची हवा कमी करायची, फ्रेम आणि सीट वेगळी कपड्यांच्या बॅगेत. बिल जवळ ठेवायचं, कस्टमवाल्यांनी विचारलं तर दाखवायला.

पाय पोचत नसतील किंवा पैसे पुरत नसतील तर मामाने फक्त सीट आणि पायाला वेढणारे गार्ड आणावेत, बाकी पैसे बाजूला ठेवा. पेडल, टायर, शॉर्ट इथेच मिळतील, दिवाळीची वाट बघू नका.

उड्यांचं एक सांगते, कारण तिथे खर्च उगाच वाढू शकतो. तिच्या आत्ताच्या वजनाला फूटपाथवरून खाली उडी ही वीस इंची सहन करेल, पण पायऱ्या, कट्टे, उंच भिंती नको, स्वस्त अ‍ॅक्सल वाकतो आणि तो दुरुस्त होत नाही. वर्षभराने तिला लांब जाण्यापेक्षा उड्याच जास्त आवडतायत असं दिसलं तर रस्ताच वेगळा, मग चोवीस नाही तर ट्रायल्सची जाड टायरवाली घ्यायची. म्हणून आज यादी ठरवताना तिला एकदा विचाराच की रविवारची पूर्ण सकाळ मोकळी मिळाली तर काय करशील, लांब चक्कर की उड्या? तिचं उत्तर माझ्या सल्ल्यापेक्षा महत्त्वाचं.

बाबांना सांगा की सर्कस म्हणून कमी लेखू नका. भारतातली सर्कस आपल्याच विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत उभी केली, आणि त्या तंबूतल्या एकचाकीवरचा तोल हा खऱ्या कष्टाचा असतो. शिवाय हे आता सर्कशीपुरतं राहिलेलं नाही. जपानने १९८९ च्या प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात युनिसायकल घेतली, तिथे शाळेच्या मैदानावर मुलांसाठी युनिसायकली ठेवलेल्या असतात. १९८४ पासून जागतिक स्पर्धा भरतात. बाबांना एकदा संध्याकाळी खाली उभं करा आणि ती जागच्या जागी थांबते ते दाखवा, शब्दांनी पटवायची गरज पडणार नाही.

सासूबाईंची भीती मात्र मी खरी मानते. युनिसायकलवरून बहुतेक वेळा पायांवर उतरता येतं, चाक एकीकडे जातं आणि आपण उभे राहतो, पण मागे पडलं की हात टेकतात आणि मनगटाला मार बसतो. म्हणून मनगटाचे गार्ड सर्वात आधी, हेल्मेट प्रत्येक वेळी, नवीन प्रकार शिकताना गुडघ्याचे. बुटांच्या लेस आत खोचलेल्या, कारण लांब लेस क्रँकभोवती गुंडाळली की उतरायलाही येत नाही, आणि ओढणी-लांब कुर्ता अजिबात नको. वाहतुकीच्या रस्त्यावर एकटी नको, शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर नको. हे सगळं सासूबाईंसमोर ठरवा, त्यांनाच सांगा की गार्ड घातल्याशिवाय खाली सोडू नका, त्यांचं मन पण शांत राहील आणि नियमही पाळला जाईल.

आणि चोवीस आली तरी वीस विकू नका. उलटं चालवणं, एका पायाने चालवणं, जागच्या जागी थांबणं हे सगळं छोट्या चाकावर लवकर जमतं, आणि छोटं चाक पटकन वळतंही. शिवाय दोन झाल्या की एखाद्या मैत्रिणीला त्यावर शिकवता येईल, पार्किंगमधली भिंत आहेच.